मागचा दिवा

‘तुम्ही मध्यप्रदेशातले, मग मराठी कसे?’ हा प्रश्न सौंसरच्या माणसाला जन्मभर पुरतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले, आणि आमची भाषा घरात मराठी, कचेरीत हिंदी अशी दोन खोल्यांत नांदू लागली. ज्या अंकाची काही पाने कन्नडात असतात त्याच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. पण या दोन खोल्यांमध्ये काय काय हरवते, ते मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळले.

माझे मामा पांढुर्ण्याच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मुनीम आहेत. पांढुर्णा म्हटले की बाहेरच्यांना संत्री आठवतात, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार. २०२३ साली ते जिल्ह्याचे ठिकाणही झाले. पण नागपूर-बैतूल रस्त्यावरचे गाव म्हणून रात्रभर जागे असते ते ट्रकांमुळे. ट्रेलरचे पासिंग जवळ आले होते. मामा म्हणाले, “भाचेबुवा, सायन्स शिकता ना? मग हे दिव्यांच्या कामाचे कार्ड तेवढे पाहून दे.” आणि वर्षभराच्या जॉबकार्डांचा ग्रीसने माखलेला गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे टाकला.

वाचकहो, एवढे नीरस वाङ्मय मी दुसरे वाचलेले नाही. ‘टेललाइट बंद. बल्ब बदली किया.’ ‘लाइट का काम किया. ओके.’ ‘मागचा दिवा लागत नव्हता, लावला.’ कोणी हिंदीत, कोणी मराठीत, एकाने नुसतीच बरोबरची खूण. तक्रार, काम, सामान, सही हे रकाने भरलेले. आणि ‘कारण’ हा रकाना पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत कोरा, नव्या वहीसारखा.

पहिले दोन दिवस मला काहीच सापडले नाही. कारण सगळी कार्डे घोड्याच्या नंबराने लावलेली होती. पुढच्या इंजिनवाल्या गाडीला आमच्याकडे घोडा म्हणतात. ट्रेलरला स्वतःचा वेगळा नंबर असतो. आज तो एका घोड्याला, परवा दुसऱ्याला जोडतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात ट्रेलरचा नंबर होता. तो धरून गठ्ठा पुन्हा लावला, तेव्हा एकच ट्रेलर चार घोड्यांच्या कार्डांतून डोके वर काढताना दिसला. पाच महिन्यांत सहा बल्ब! प्रत्येक कार्डावर शेवटी ‘ओके’.

मी मिस्त्रींकडे गेलो. ते वाटीतला चहा फुंकत होते. म्हणाले, “बल्ब चांगलाच होता ना भाऊ. गाडीले घाई, मालक म्हणे बदलून दे, देल्ला. कारण मले इचारलंच कोनं?”

मग त्यांनीच समजावले. घोड्यातून ट्रेलरला वीज जाते ती सात पिनांच्या जोडणीतून. डावा दिवा, उजवा दिवा, डावा-उजवा इंडिकेटर, ब्रेक यांच्या वायरी निरनिराळ्या. परत येण्याची वाट मात्र सगळ्यांना एकच, अर्थची. ती गंजली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतात, कारण परतीला रस्ता न मिळालेली वीज दुसऱ्या बल्बमधून वाट काढते. आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत हे कुठेच नव्हते. वायर पुरतीच तुटली तर घोडा आणि ट्रेलर जिथे एकमेकांत बसतात त्या लोखंडातून थोडीफार वीज परतते. म्हणून अंगणात उभ्या गाडीचे दिवे लागतात, ‘ओके’ लिहिले जाते, आणि रस्त्यावर धक्के बसले, मधे ग्रीस आले, की मागे अंधार. मिस्त्रींनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर ट्रेलरच्या चॅसीला टेकवली. मिणमिणता दिवा एकदम लाल झाला. हे सारे दोन मिनिटांचे काम.

१९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. ताशी ६० किलोमीटरने मागून येणाऱ्याच्या हातात तेवढ्या अंतरात जेमतेम ९ सेकंद असतात. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथल्या वळणांवर तेवढेही मिळत नाहीत. माझ्या शाळेतला एक मुलगा रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रेलरवर आदळला. तो ट्रेलर कोणाचा, त्याच्या कार्डावर काय लिहिले होते, हे कोणी पाहिले नसेल. गठ्ठा चाळताना तोच सारखा डोळ्यांपुढे येत होता.

मालकांना यादी दाखवली. ते वाईट माणूस नाहीत. सहा बल्बांचा हिशेब त्यांना लगेच पटला, माझी बाकीची तळमळ थोडी कमी पटली. तरी दोन गोष्टी झाल्या. कार्डे आता ट्रेलरच्या नंबराने लागतात, आणि ‘कारण’ लिहिल्याशिवाय मामा बिल पास करत नाहीत. मिस्त्रींना लिहायचा कंटाळा; ते बोलतात आणि क्लीनर लिहितो, त्यामुळे भाषा ज्याची त्याची. पहिले भरलेले कारण मी निघायच्या दिवशी वाचले: ‘अर्थ का वायर घिसला था, नवा टाकला.’ अर्धे हिंदी, अर्धे मराठी, आणि अर्थ पूर्ण.

त्या यादीत आणखी तीन ट्रेलर होते. दोन अंगणात आले, दुरुस्त झाले. तिसरा माल घेऊन भोपाळकडे गेला होता. मामांनी ड्रायव्हरला फोन लावला, तेव्हा तो मुलताईच्या पुढे होता, आणि दिवेलागणीला तासभर उरला होता.