पाठीमागची भिंत

पनवेलमध्ये बारसं, डोहाळजेवण, साखरपुड्याचे फोटो काढायचे म्हणजे बहुतेक वेळा दहा बाय बाराच्या हॉलमध्ये काढायचे. एका भिंतीला सोफा, समोर टीव्हीचं युनिट, मधे पाळणा आणि त्याभोवती आत्या, मावश्या, शेजारच्या काकू. नवा कॅमेरा घेतलेली मुलं मला विचारतात, "दादा, पहिली प्राइम फिफ्टीच घेऊ ना?" मी त्यांना आधी विचारतो, "फोटो काढताना तुझ्या पाठीमागची भिंत किती लांब असते?"

'फिफ्टी घे', म्हणजे ५० मिमीची प्राइम, झूम न होणारी लेन्स घे, हा सल्ला फिल्मच्या काळापासून चालत आला आहे. त्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, कर्ण सुमारे ४३. त्यामुळे ५० मिमीची लेन्स तिच्यावर नॉर्मल ठरली आणि बरेच एसएलआर कॅमेरे तीच लेन्स लावून विकले गेले. कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या डिजिटल एसएलआरचा सेन्सर मात्र २२.३ बाय १४.९ मिमीचा. फिफ्टी जे चित्र टाकते त्यातला मधला भागच तो घेतो, म्हणून ती ८० मिमीसारखी वागते. निकॉनवर ७५. साडेपाच फुटी माणूस उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बसवायला कॅननवर फिफ्टीला पावणेचार मीटर लागतात, आणि वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवली की चारच्या पुढे. आपल्या हॉलची लांब बाजूच मुळी साडेतीन मीटरहून थोडी जास्त. म्हणजे भिंतीला पाठ टेकवूनही आत्याबाईंचे पाय कापले जाणार. कॅननची २४ मिमी एफ/२.८ हाच फोटो दोन मीटरवरून देते, निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स पावणेतीनवरून. घरातली माणसं टिपणाऱ्याने पहिली प्राइम यांतली घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण फिफ्टीची जागा कोणती, ते पेणला कळतं. पनवेलहून गोवा महामार्गाने कर्नाळ्याची खिंड ओलांडली की पुढे पेण, आणि पावसाळ्यात तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम भरात असतं. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास धरून रेषा ओढतो. त्या वेळी त्याच्या हाताजवळ, त्याच्या उजेडात कुणी येता कामा नये. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सेन्सरपासून ३५ सेंटीमीटरवर फोकस करते आणि तेव्हा चौकटीत जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरचा पट्टा येतो. मूर्तीचे दोन डोळे आणि ब्रशचं टोक, बस. २४ मिमीची लेन्स १६ सेंटीमीटरपर्यंत जाते खरी, पण तोवर तिची सावली मूर्तीवर पडलेली असते. इथे लांबून काम करणारी लेन्सच हवी, कारण कारागिराची एकाग्रता फोटोपेक्षा मोठी आहे.

मुलांना प्राइम हवी असते ती मागचं धूसर दिसावं म्हणून. मला तिचा उजेड जास्त मोलाचा वाटतो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. ट्यूबलाइटखाली किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल, तर त्याच आयएसओवर इथे १/१५० पुरतो. पाळण्यातलं बाळ हात हलवतं तेव्हा हा फरक म्हणजेच फोटो. २४ मिमीची एफ/२.८ इतका उजेड देत नाही, पण २४ वरच्या किटच्या साधारण दुप्पट देते. आणि हेही सांगायला हवं की एक मीटरवरून फिफ्टी एफ/१.८ वर वापरली तर स्पष्ट भाग अडीच-तीन सेंटीमीटरच उरतो. बाळाचा डोळा नेमका आला तर त्याला कुशीत घेतलेली आजी धूसर होते. दोघं हवी असतील तर किमान एफ/४ पर्यंत बंद करावंच लागतं, मग लेन्स कितीही महाग असो.

म्हणून पैसे घालण्याआधी मी मुलांना एक काम देतो. किट लेन्सच्या झूम रिंगला २४ वर चिकटपट्टी लावायची आणि आठवडाभर तसंच घरात, वडाळे तलावाच्या काठावर, बाजारात फिरायचं. मग ३५ वर, मग ५० वर. सोबत जुने फोटोही उघडून पाहायचे, प्रत्येक फोटोत फोकल लेंग्थची नोंद असते. बहुतेक फोटो १८ वरचे निघाले तर फिफ्टी घेऊन तो मुलगा घुसमटणार. सगळे ५५ वरचे आणि तेही कर्नाळ्यातल्या पक्ष्यांचे निघाले, तर त्याला यांतली कुठलीच प्राइम नको, टेलिलेन्ससाठी पैसे साठवू देत.

मग लेन्स ठरली की हार्बरची लोकल धरून सीएसएमटीला उतरायचं, कॅमेऱ्यांची दुकानं तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत. जुनी लेन्स पाहायला आपलाच कॅमेरा न्यावा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही; तिथे जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळाली तरी फोकस हाताने करावा लागतो. आणि लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारायचा. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. धूळ चालते, ओरखडाही एखादा चालतो, पण धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स परत ठेवायची.