थरथर

आमच्या विजेच्या गाडीला पेट्रोल नको, गिअर नको, आवाज म्हणून नाही. पण ४०च्या वेगाला पाय जरा जोरात दाबला की ती थरथरते. पाय सैल सोडला की शांत. इन्स्पेक्शनच्या दिवशीचे आमचे हेडकॅशियर अगदी!

वर्कशॉपात नेली की मात्र गरीब गाय. "काही नाही साहेब, रस्ता खराब असेल." पुण्यात हे वाक्य कुठेही खपतं. शेवटी मेकॅनिकला शेजारी बसवून कात्रजच्या चढावर नेलं. थरथर सुरू झाली आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

निदान निघालं ते असं : मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा, त्याच्या आतल्या सांध्यात तीन रोलर असतात. त्यांच्या खोबणी झिजल्या की जोर पडताच ते सरकण्याऐवजी अडखळतात. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून जोर लावणार, त्यात दांडा तिरका. सांधा बिचारा करणार काय? संधिवातच तो. दांडा बदलला. ८ महिन्यांनी पुन्हा तेच. तिरकेपणा तोच, मग दुखणं कुठे जाणार?

वॉरंटीचे २ महिने उरलेत, कर्जाचे हप्ते ४१. "जॉबकार्डावर 'गाडी थरथरते' असं लिहा," मी म्हटलं. त्यानं लिहिलं, 'थरथरते असे ग्राहकास वाटते.' २१ वर्षं व्हाउचरं तपासलेल्या माणसासमोर!

"अहो, भांडू नका," ही म्हणाली.

भांडतोय कोण? 'असे ग्राहकास वाटते' एवढं खोडून घेतलं आणि खाडाखोडीशेजारी त्याची सही.