धुरा, काटा आणि मजुरी

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बहुतेक लोक लेवीय या पुस्तकापाशी येऊन थांबतात. होमार्पणं, याजकांचे विधी, शुद्ध-अशुद्धाचे नियम यांत शेतकरी माणूस कंटाळतो. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात मी मात्र शास्त्र शिकवायला सुरुवात करतो ती याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायापासून. देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावं, असं हा अध्याय सुरुवातीलाच बजावतो. मग ते पवित्रपण कशात, याची यादी येते. शेताचे कोपरे शेवटपर्यंत कापू नका आणि सरवा गोरगरिबांना, परक्यांना राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. निवाडा करताना गरीब म्हणून एकाची बाजू घेऊ नका, मोठा म्हणून दुसऱ्याची भीड धरू नका. शेवटी तराजू, वजनं, मापं खरी ठेवा. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची जी आज्ञा येशूने पुढे सगळ्या नियमशास्त्राच्या गाभ्याशी नेऊन ठेवली, ती इथे मजुरी आणि तराजू यांच्या मधोमध येते.

ती जागा मला फार महत्त्वाची वाटते. नीतिमान जगणं निवडायचं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं शिकवतो आहे, आणि माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. ती निवड देवळात होत नाही. जिथे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पैसा, माल किंवा जमीन जाते, तिथे ती होते.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, मंडीचे कागद हिंदीत, बोलणं मराठी, शेतात कापूस आणि संत्री. आमची प्रार्थना बहुधा हिंदीत होते, पण वचन घरच्या भाषेत ऐकलं की माणसं सरसावून बसतात. एकदा हाच अध्याय मराठीतून वाचून झाल्यावर मागे बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "गुरुजी, हे तं आपल्या मंडीचंच लिवलं हाय." एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नसतं.

कापसाच्या वेचणीचं बघा. दिवसभर बाया ओळीने वेचतात, कमरेचा ओटा भरला की गाठोड्यात रिकामा करतात. संध्याकाळी धुऱ्यावरच्या झाडाला काटा टांगला जातो. गाठोडं अडकवलं की काटा थोडा वेळ हलत राहतो. तो ठरण्याआधीच आकडा बोलला, तर अर्धा-एक किलो तिथेच जातो. मग ओल म्हणून थोडं कापतात, फडक्याचं वजन म्हणून आणखी थोडं. वहीत आकडा मालक लिहितो. जिला वाचता येत नाही, तिच्याकडे तिची नजर आणि मालकाचा शब्द एवढंच असतं. काटा ठरेपर्यंत थांबायचं की नाही, हे त्या क्षणी मालकाला ठरवावं लागतं. कुणी पाहत नाही, कुणी तक्रार करणार नाही. शास्त्राच्या दृष्टीने तो क्षण उपासनेइतकाच गंभीर आहे. आमोस संदेष्ट्याने अशाच व्यापाऱ्यांना धारेवर धरलं होतं. शब्बाथ कधी संपतो आणि लहान माप, जड वजन घेऊन धान्य विकायला कधी बसतो, याची ते वाट पाहत. सण ते पाळत होते, आणि मनात हिशेब चालू होता. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं.

धुऱ्याचंही तसंच. नांगरताना दोन तास पलीकडे घातले की वर्षादोन वर्षांत धुरा सरकतो. खसऱ्यावर रेघ तीच राहते, शेतात मात्र भाऊ भावाशी बोलेनासा होतो. पूर्वजांनी रोवलेली हद्दीची खूण सरकवू नये, असं अनुवाद आणि नीतिसूत्रे ही दोन्ही पुस्तकं सांगतात. आणि येशू त्याच्या पुढे जातो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये, असं तो म्हणतो. मन माझं दुखावलं आहे की त्याचं, हे तो विचारत नाही. भावाच्या मनात काही आहे, एवढं पुरे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मी हा भाग मुद्दाम वाचायला लावतो. त्यानंतर काही घरांत कोर्टातल्या तारखा थांबल्या आहेत. काहींत नाही थांबल्या.

समेटाचं हे वचन ज्यात आहे, तो मत्तयाचा पाचवा अध्याय नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातही आला होता. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक ग्रंथांचं काम केलेला हा कोकणस्थ कवी १८९३ च्या सुमारास रेल्वेने राजनांदगावला निघाला होता. डब्यात एक परदेशी प्रवासी भेटला. त्याने नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना ते खरं वाटलं नाही, पण पुस्तक त्यांनी वाचलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लोक कथा इथे संपवतात. मला त्यापुढची चोवीस वर्षं जास्त सांगावीशी वाटतात. १९१७ मध्ये, आयुष्याच्या अखेरीला, त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. म्हणजे बाप्तिस्म्याला बावीस वर्षं होऊन गेल्यावरही हा माणूस नव्याने निवड करत होता.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची निवड तर त्याहून अवघड. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. काही वर्षं त्या दूर राहिल्या, परत आल्यावरही चूल वेगळी ठेवली. सोवळं मनातून गेलं ते कुणाच्या उपदेशाने नव्हे. देवाने माणसामाणसांत असा भेद केलाच कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तराला त्या घाबरल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लोक त्यातल्या विनोदावर खूश होतात. मला त्यात दिसते ती ही न डगमगणारी बाई.

आणि पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत, म्हणजे आपलाच मुलूख, होरपळत होता. रमाबाई इकडे आल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बाया घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. पुढे रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात छापला गेला. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. आधी भुकेल्याचं पोट, मग पुस्तक, हा क्रम मला शास्त्राचाच क्रम वाटतो.

धर्मांतराचा विषय आपल्या राज्यात नाजूक आहे. १९६८ पासून त्यावर कायदा आहे. २०२१ च्या कायद्यात तर धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. आमिषाने केलेली निवड ही निवडच नव्हे, हे मला कायद्याशिवायही मान्य आहे. येशूने धनवान तरुणाला जाऊ दिलं, मागे धावून अट सैल केली नाही. पण मी ज्या निवडीबद्दल लिहितो आहे, तिची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.

पांढुर्ण्यात दगडाचं नाव निघालं की गोटमार आठवणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येऊन एकमेकांवर दगड मारतात. त्यात जीव गेले आहेत, डोळे गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊनही पाहिले. या प्रथेमागच्या, चंडीमातेवरच्या माझ्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, आणि त्या दिवशी तरण्या मुलाची आई संध्याकाळपर्यंत जेवत नाही हेही मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात मी योहानाचा आठवा अध्याय शिकवतो. व्यभिचारात धरलेली बाई, हातात दगड घेतलेले पुरुष. निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, हे येशूचं बोलणं सगळ्यांना माहीत असतं. पुढचा तपशील मात्र सुटतो: निघून जाताना म्हातारे आधी गेले. वयाने मोठ्यांनी हात खाली घेतले, मग तरुणांनी घेतले. गावातल्या वडीलधाऱ्यांना मी हे दरवर्षी हात जोडून सांगतो. आणि त्या बाईला दोषी न ठरवता सोडताना येशूने पुन्हा पाप न करण्याचंही बजावलं. दया आणि शिस्त एकाच श्वासात आली.

वर्गातली पोरं विचारतात, खरं वागून मिळालं काय? हा प्रश्न शास्त्र टाळत नाही. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कवी दुष्टांची भरभराट पाहून जवळजवळ घसरलाच होता, आणि त्याने ते लपवलं नाही. खरं वागणाऱ्याचं नुकसान होतं, हे मी पोरांना उघड सांगतो. कधी ते वर्षानुवर्षं भरून येत नाही. जकातदार जक्कयाने तर ते स्वतःहून ओढवून घेतलं. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. तो हे बोलल्यावर येशूने सांगितलं की आज या घराला तारण मिळालं. यरीहोत तो दिवस जकातदाराच्या हिशेबाने ओळखला गेला.

दिवाळी आणि वेचणी एकाच वेळी येतात. या वर्षी आमच्या वर्गात याकोबाचं पत्र घेतलं आहे, सुरुवात पाचव्या अध्यायापासून. वेचणीला जाणाऱ्या बायांनी यायचं कबूल केलं आहे, म्हणून वर्ग रात्री आठला ठेवला. मालकांनाही बोलावलं आहे, त्याच वेळी, त्याच सतरंजीवर.