बागेतील यंत्र आणि घरातील हात

सुशिक्षित कुटुंबांत यंत्रे झपाट्याने वाढत आहेत; यंत्रांविषयीची समज मात्र त्या मानाने वाढलेली दिसत नाही. पाण्याचा पंप, दळणाची चक्की, मोटार ही सारी आमच्या सेवेस उभी असतात, आणि त्यांपैकी एखादे कुरकुरू लागले म्हणजे आम्ही मिस्त्रीला निरोप धाडून मोकळे होतो. ही सवय हितावह आहे काय, हा प्रश्न गेल्या वैशाखात आमच्याच घरी उभा राहिला. त्याचा वृत्तान्त वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे येथे आमचे घर आहे. तिघा भावांचे संसार एका छपराखाली नांदतात, चूल एकच आहे, आणि घरामागे संत्र्या-लिंबांची लहानशी बाग आहे. झाडांच्या ओळींतून फिरण्याजोगा एक सिलिंडरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर थोरल्या बंधूंनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. या ट्रॅक्टराखाली फरशीवर तेलाचे डाग पडू लागले. प्रथम रुपयाएवढे, मग बशीएवढे. कोणी सुचविले, की रोज थोडे तेल ओतीत जावे. कोणी म्हणाले, की मृगाच्या आत विकून टाकावा आणि पैसे वाटून घ्यावेत. ही दुसरी सूचना थोरल्या बंधूंच्या मनाला फार लागली, हे सर्वांस दिसत होते. परंतु ते काही बोलले नाहीत.

तंत्रनिकेतनात शिकणारी आमची पुतणी सुटीत घरी आली होती. तिने कंदील घेऊन ट्रॅक्टराखाली डोकावून पाहिले आणि दुखणे इंजिनाचे नसून तेलाच्या नळ्यांचे आहे, असा निर्वाळा दिला.

इंजिनातील वंगण तेलाचे कार्य पुष्कळांस ठाऊक नसते. तळाच्या कुंडातून पंप तेल उचलतो, गाळणीतून नेतो, आणि दाबाने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत व वर रॉकरांपर्यंत पोचवितो. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो. धातूला धातू घासत नाही, ती त्याच्याच आधाराने. आतील उष्णताही हेच तेल वाहून नेते. आमच्या ट्रॅक्टरात ते इंजिनाबाहेरच्या नळ्यांतून जाते. तेल थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या नळ्या रबरी, तर रॉकरांकडे चढणारी तांब्याची आहे. रबर वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होते आणि त्याला चिरा पडतात. तांबे सततच्या थरथरीने ताठर होऊन अखेर तडकते. आणि एका सिलिंडरच्या यंत्राला थरथर अंमळ अधिकच. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या नळ्यांची परीक्षाच असते.

रोज तेल ओतण्याचा उपाय का नको, हेही तिने समजावून दिले. जीर्ण नळी कायम थेंबाथेंबानेच गळेल अशी शाश्वती नसते. एखादे दिवशी ती एकाएकी फाटते, आणि मग पंपच कुंडातील तेल काही मिनिटांत बाहेर फेकून देतो. इशाऱ्याचा तांबडा दिवा लागतो तो दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावर. तत्क्षणी इंजिन बंद न केल्यास बेअरिंगे जळतात. नळ्यांचा खर्च किरकोळ, परंतु जळलेल्या इंजिनाचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

मिस्त्रीकडे लग्नसराईतल्या मोटारींची रांग होती. ‘‘मग मीच बदलते,’’ असे पुतणी म्हणताच आमच्या मातोश्रींच्या कपाळाला आठी पडली. ‘‘अगं, घरात चार पुरुषमाणसे असताना तू तेलात हात घालणार?’’

‘‘आजी, जात्याचा खुंटा सैल झाला म्हणजे तू सुताराची वाट पाहत बसत होतीस का?’’

मातोश्री काही बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने जुन्या लुगड्याचे धडपे पुसण्यासाठी म्हणून त्यांनीच आणून दिले. थोरले बंधू पान्यांची पेटी घेऊन शेजारी बसले.

प्रथम नळ्यांचे सांधे बाहेरून स्वच्छ करण्यात आले, कारण उघडलेल्या तोंडातून धूळ आत गेली तर दुरुस्तीच घातक ठरते. कोणती नळी कोठून जाते याची आकृती वहीत काढून ठेवली. तेल कोमट असतानाच काढले. कोमट तेलाबरोबर गाळही उतरतो. बाजारात एका दुकानदाराने पाण्याची साधी रबरी नळी पुढे केली, ती तिने परत केली; साधे रबर तेलाने फुगून मऊ पडते. तेल, उष्णता व दाब सोसणारी, आत विणीचा थर असलेली नळीच तिने पसंत केली. तांब्याच्या नळीला डाख न देता ती नवीनच घेतली, आणि पोकळ बोल्टांखालचे तांब्याचे वॉशरही नवे घातले. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसेलच असे नाही. प्रत्येक आटा आधी बोटांनी फिरवून मग पाना लावला. नळीला पीळ पडू नये, ती सायलेन्सरला टेकू नये, कोठे घासू नये, हे पाहिले.

नवे तेल भरल्यावर डिझेल बंद ठेवून इंजिन नुसते फिरविले, तेव्हा कोरड्या नळ्या भरल्या व तांबडा दिवा विझला. मगच ते सुरू केले. गळती पाहण्यास कोणी हात घातला नाही; खाली वर्तमानपत्र पसरले. इंजिन बंद करून तेल खाली उतरल्यावर पट्टीने पातळी पाहिली व नव्या नळ्यांनी घेतले तेवढे तेल पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरा होता. थोरल्या बंधूंनी त्याची घडी करून कोनाड्यात ठेवली आणि ट्रॅक्टर बागेत नेला. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

विद्या आणि हात यांची फारकत ही आमच्या वर्गाची जुनी खोड आहे. ती मोडणारे आमच्यातही झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेतील शिक्षक, परंतु ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असताही ते डगमगले नाहीत, आणि 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. आमच्या वर्ध्यासच 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा महात्मा गांधींचा विचार तेथे मांडला गेला, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या विचाराचा उगम आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असूनही पाना हाती घेण्याचा आम्हांस संकोच वाटावा, हे नवलच म्हणावयाचे.

सर्वच दुरुस्त्या घरी कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. मिस्त्रीच्या कसबाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आपले यंत्र कशावर चालते, एवढे घरातील एका तरी माणसास ठाऊक असावे. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, नळ्या चाचपून पाहाव्यात, सांधे पुसावेत, आणि काय दिसले ते वहीत टिपून ठेवावे. हे काम मुलाने करावे की मुलीने, हा प्रश्न नळीला पडत नाही. आम्हीही तो पडू देऊ नये.