आरपार जाणारा बार



मे महिना उजाडला की मला हटकून एक प्रश्न येतो. "साहेब, लाकूड कापायचे मशीन घेतोय. बार केवढा घेऊ?" बार म्हणजे मशीनच्या पुढे निघालेली ती लांब पोलादी पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते. पूर्वी हा प्रश्न शेतकी खात्याच्या माणसाला कोणी विचारीत नसे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हापासून कोकणात हे मशीन कोयती-कुऱ्हाडीइतके घरातले झाले आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. त्याला लांबात लांब बार हवा असतो, आणि मी फक्त मान डोलवायची असते.

एकदा मी ती डोलवली होती. त्याचीच ही हकीकत आहे.

निसर्गच्या वेळी मी दक्षिण रायगडात मंडळ कृषी अधिकारी होतो. वादळानंतर गावात शिरायला वाट नव्हती. सुपारीच्या वाड्या आडव्या झालेल्या, हापूसच्या कलमांची मुळे आभाळाकडे, वीज नाही, फोन नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि आमचे कृषी सहायक पंचनामे करीत फिरत होते आणि मी त्यांच्या मागोमाग. एका गावात जुना रायवळ आंबा उन्मळून वाटेवर आडवा पडला होता. दोरी लावून घेर मोजला तर चांगला सात फूट भरला.

गावातल्या शेतकरी गटाकडे ५२ सीसीचे मशीन होते, त्याला १८ इंची बार. गटाचे प्रमुख, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, मला म्हणाले, "साहेब, हा बार आरपार जात नाही हो. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, याच मशीनला २८ इंची बसवून देतो. बसवू काय?"

मला पुढच्या वाडीवर जायची घाई होती. मी म्हणालो, "घ्या की अण्णा. घ्यायचा तर मोठाच घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको."

बैल घेताना कोणी सल्ला विचारला असता तर मी दात बघा म्हणालो असतो, चालवून बघा म्हणालो असतो. इथे मी एक प्रश्नही विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा पुतण्या ते मशीन घेऊन खोडाला लागला. वय बावीस-तेवीस, अंगाने काटक. बार खोडाच्या पलीकडे चार बोटे बाहेर निघाला, तेव्हा जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. खोडाच्या पलीकडे पडलेल्या झाडाचीच एक फांदी मातीत रुतून वर आली होती. ती अलीकडून दिसत नव्हती. बारच्या टोकाचा वरचा भाग त्या फांदीला लागला आणि मशीन एकदम वर आणि मागे उसळले. हाताने आवरायला अवसरच नव्हता. पुढच्या दांडीला मनगट लागून चेनचा ब्रेक बसला, म्हणून मान वाचली. डाव्या खांद्यावर सोळा टाके पडले. दवाखान्याच्या ओट्यावर त्याची आई बसली होती. तिने मला चहा विचारला. बाकी ती काही बोलली नाही, आणि मला ते अजून सोसत नाही.

नंतर मी ते मशीन खोलून घेतले आणि एका जुन्या लाकूडतोड्याला बोलावले. आयुष्य सह्याद्रीच्या जंगलात गेलेला माणूस. त्याने बार काढला आणि हसला. बार निळा पडला होता. दुकानदाराने मोठ्या मशीनचा बार जमवून बसवला होता. त्याच्या मागच्या टोकाची खाच साधारण जुळत होती, पण तेलाचे भोक मशीनच्या भोकासमोर येतच नव्हते. चेन कोरडी घासत होती. आणि भोक जुळले असते तरी ५२ सीसीच्या मशीनचा लहानसा तेलपंप २८ इंच भिजवायला पुरा पडला नसता. इंजिनाचेही तेच. बार लांबला की चेन लांबली, एका वेळी लाकडात रुतणारे दातही वाढले. ओढणारा बैल तोच, आणि नांगर दुप्पट. वेग पडला की माणूस मशीन लाकडावर दाबतो. दाबून कापणे हीच अपघाताची सुरुवात.

मग त्याने अण्णांचा जुना १८ इंची बार चढवला आणि उरलेले खोड आमच्या देखत कापले. सात फुटांचा घेर म्हणजे ८४ इंच. घेराला सव्वातीनने भागा, जाडी साधारण २६-२७ इंच निघते. एका बाजूने अर्धे, दुसऱ्या बाजूने अर्धे. खोड दोन्ही टोकांना टेकलेले होते आणि मधे अधांतरी. तेव्हा वरचा भाग दबलेला आणि खालचा ताणलेला असणार. त्याने वरून थोडेसेच कापले, पाचर ठोकली आणि मग खालून वर येत तुकडा मोकळा केला. सगळे वरूनच कापले असते तर बार चिमट्यात सापडला असता. बुंधा मुळांपासून तोडण्याआधी मुळांच्या खड्ड्याशी खेळणारी पोरे मात्र त्याने शिव्या घालून हाकलली. वजन सुटले की मुळांचा गड्डा झटक्यात पुन्हा खड्ड्यात बसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग लांब बार करतात तरी कशाला? त्याचेही काम आहे. वड, चिंच, वर्षावृक्ष, जुने रायवळ असल्या चार-पाच फूट जाडीच्या खोडांना दोन्ही बाजूंनीही १८ इंच पुरत नाहीत. मोठ्या ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या तरी तो लागतो. पण त्याला मशीनही तसेच हवे. माझा हिशेब असा: ५० सीसीच्या आसपास १६ ते १८ इंच, ७० सीसीच्या वर २० ते २८, आणि ३६ इंच लावायचा तर ९० सीसी. बाजारात ५८ सीसीच्या स्वस्त मशीनला २२ इंची बार लावून देतात. गिऱ्हाइकाला तो ऐटबाज वाटतो, म्हणून देतात. मी तो काढून १८ चा लावायला सांगतो. कलमाच्या फांद्यांना तर १४ इंच पुष्कळ झाले.

बार बदलताना त्याच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचा. लांबी, मग पिच, मग गेज, मग चेनच्या आतल्या कड्यांची संख्या. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा अर्धा भाग. तो मशीनच्या चक्रीचा, चेनचा आणि बारच्या टोकातल्या चक्रीचा एकच हवा. सायकलची चेन भलत्याच चक्रीवर चढवली तर काय होते ते पोरासोरांनाही ठाऊक असते. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, दीड मिलिमीटर किंवा त्याच्या मागेपुढे. रुंद चाकोरीत अरुंद चाक घातले की गाडी डुलते, तशी चेन डुलते आणि काप वाकडा जातो. आणि पाचवी गोष्ट, जी आमच्या दुकानदाराने पाहिली नाही: तेलाचे भोक. बसवून झाल्यावर टोक पांढऱ्या कागदासमोर धरून मशीन वेगाने चालवा. कागदावर तेलाचा बारीक फवारा उठला तरच कामाला लागा. जळके इंजिन ऑइल ओतू नका. त्यातल्या बारीक कणांनी बार आणि पंप झिजतो, आणि हाताच्या कातडीलाही ते वाईट.

लांब बारला दात विरळ असलेली चेन मिळते. तीच घ्या. इंजिनावर भार कमी, भुसा निघायला जागा अधिक आणि कानशीने घासायचे दातही कमी.

दातांवरून आठवले. आंब्याच्या खोडातला भिरूड तुम्ही सगळ्यांनी तारेने टोचून काढला असेल. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या अशाच एका लाकूड पोखरणाऱ्या अळीकडे बघत बसला. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लाकूड सोलत होते. त्यावरून त्याने आळीपाळीने डाव्या-उजव्या दातांची चेन केली. आज तुमच्या मशीनवर आहे ती त्याच वंशातली. ज्या किड्याच्या मागे आम्ही आयुष्यभर औषधे घेऊन फिरलो, त्याची ही एवढी चांगली बाजू.

आणखी एक. पडलेले झाड वेगळे, उभे वेगळे. उभा आंबा, फणस, चिंच तोडायला १९६४ च्या कायद्याने आधी परवानगी लागते, झाड स्वतःच्या मालकीचे असले तरी. बार विकत घेण्याआधी तो कागद करा.

तौक्तेनंतर अण्णांच्या गटाने वर्गणी काढून ७२ सीसीचे चांगले मशीन घेतले. रोजच्या कामाला २० इंची बार आणि मोठ्या खोडांसाठी २८ इंची, त्याच मशीनचा, भोके जुळणारा. धार लावली की बार दर वेळी उलटा करून बसवतात, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. मशीन पुतण्याच चालवतो. खांदा पावसात ठणकतो म्हणतो. डोक्याला जाळीचे हेल्मेट आणि पायात चेन अडकून थांबेल अशी जाड धाग्यांची विजार. गळ्यातला टॉवेल आता मशीनपाशी नेत नाही.

परवा त्या गावात गेलो तर शाळेमागचा वठलेला वर्षावृक्ष परवानगी काढून पाडला होता आणि त्याचे तुकडे चालले होते. मोठा बार चढवला होता. पुतण्याने मशीन खाली ठेवले, खोडाला पूर्ण वळसा घातला, पलीकडच्या दोन बारक्या फांद्या कोयतीने तोडून बाजूला टाकल्या, बार किती बाहेर येईल ते वीतभर मोजून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा गडग्याच्या पलीकडे उभे राहा."

मी जाऊन उभा राहिलो.