गॅलनला साडेआठ मैल

मोठ्या गाडीत पेट्रोल भरताना पंप मध्येच थांबतो, हे मला २०२२ च्या जूनपर्यंत माहीत नव्हतं. एका कार्डावर एका वेळी किती रकमेचं पेट्रोल द्यायचं, याची पंपाला मर्यादा घालून दिलेली असते. साध्या कारला ती कधी आडवी येत नाही. आमच्या आरव्हीची टाकी मात्र ५५ गॅलनची, म्हणजे दोनशे लिटरच्या वरची. मिनेसोटात आय-९० हमरस्त्यावरच्या एका पंपावर आकडा १२५ डॉलरला येऊन खट्कन थांबला, आणि काटा अजून पाऊणवरसुद्धा आला नव्हता. नवऱ्याने तेच कार्ड पुन्हा घातलं, तर बँकेला संशय आला आणि तिने ते अडवूनच ठेवलं. मग माझी पर्स उघडली. सासूबाई खिडकीतून हे सगळं पाहत होत्या. "एवढ्या पैशात आमच्याकडे..." म्हणाल्या आणि गप्प झाल्या. सांगलीहून निघताना नणंदेने त्यांना बजावून पाठवलं होतं, तिकडे गेल्यावर रुपयांत हिशेब करायचा नाही.

आमची आरव्ही म्हणजे फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं २८ फुटी घर. झोपायला दोन जागा, तीन बर्नरची शेगडी, फ्रिज, एक माणूस कोपरं अंगाशी धरून उभा राहील एवढं न्हाणीघर. करोनाच्या काळात विमान नको, हॉटेल नको, म्हणून अमेरिकेत या गाड्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. २०२१ साली कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या, तोवरचा तो उच्चांक. त्यांतल्या बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास बनतात, आणि ते आमच्या शिकागोच्या उपनगरापासून फार लांब नाही. नवरा निवृत्त झाला होता, हात शिवशिवत होते. त्या वर्षीच्या शरदात आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा पेट्रोल गॅलनला सव्वातीन डॉलरच्या आसपास होतं. गाडी किती मैल देते हे विकणाऱ्याने सांगितलं होतं, आम्ही ऐकलंही होतं. सव्वातीन डॉलरला ते फारसं टोचलं नाही, इतकंच.

फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मार्चमध्ये अमेरिकेने रशियाचं तेल बंद केलं, आणि जूनच्या मध्यावर देशभरातल्या पेट्रोलच्या सरासरी भावाने इतिहासात पहिल्यांदा पाच डॉलरची रेघ ओलांडली. सासूबाईंचा व्हिसा, त्यांचं तिकीट, आमचं बेत आखून ठेवलेलं येलोस्टोन राष्ट्रीय उद्यान, हे सगळं नेमकं त्याच महिन्यात.

ठाण्याच्या भावाला फोनवर मी हे रडगाणं ऐकवलं. त्याने तिथल्या तिथे भागाकार केला. "म्हणजे लिटरला एकशे तीन-चार रुपये. अगं, आमच्याकडे एकशे अकरा चाललाय! तू रडतेस कशाला?" त्याचा हिशेब बरोबर होता. पण त्याची अ‍ॅक्टिव्हा लिटरला ४५ किलोमीटर पळते आणि आमचं घर साडेतीन. भावाला हे सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "विकून टाका."

विकायचं कुणाला? त्या जूनमध्ये आमच्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी आरव्ही घेतल्या होत्या, ते सगळेच गिऱ्हाईक शोधत होते. तेव्हा निघायचं आणि खर्च आवरायचा, असं ठरलं. त्यासाठी मी एक वही केली. पाच रकाने: मैल, गॅलन, भाव, वेग, वारा. शेवटचे दोन नवऱ्याला मुळीच पसंत नव्हते.

साउथ डकोटात आय-९० वर वेगमर्यादा ८० मैल आहे. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना गवत, समोर आभाळ. अशा ठिकाणी साठाने गाडी हाकायची म्हणजे नवऱ्याला कमीपणा वाटतो. पण आमच्या गाडीचं तोंड सपाट. हवेतून ती जाते ती कपाट ढकलत नेल्यासारखी. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो, साठाचे ऐंशी केले की पावणेदोनपटीच्या वर. नवरा इंजिनिअर. हे गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, फक्त स्टिअरिंग हातात आलं की आठवत नाही. पहिल्या दिवशी तो पंचाहत्तरने गेला, समोरून वारा, आणि गॅलनला सात मैल पडले. दुसऱ्या दिवशी मी अट घातली, ५८ ते ६०. उजवी लेन धरायची, ट्रकवाल्यांना जाऊ द्यायचं. वही म्हणाली साडेनऊ. नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण आकडा दोनदा पाहिला. पुढे पुढे तर, मागून वारा असला की तोच सकाळी झाडांची पानं बघून "आज दहा मिळतील" म्हणायला लागला.

राज्याच्या हद्दी हा आणखी एक धडा. पेट्रोलवरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा. आमच्या इलिनॉयमध्ये भाव साडेपाचच्या वर होता. विस्कॉन्सिनची हद्द ओलांडली की पाचाच्या खाली. त्यामुळे घरून निघताना हद्द ओलांडण्यापुरतंच भरायचं. केंद्राचा कर मात्र सगळीकडे सारखा, गॅलनला १८.४ सेंट, तो १९९३ पासून बदललेला नाही. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी जूनमध्ये तो तीन महिने माफ करा म्हणून काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, सांगितलं, काँग्रेसने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आमचे टाकीमागे दहा डॉलर वाचले असते. रेडिओवर त्यावर तासभर वाद चालला होता आणि वेग पाच मैलांनी कमी करा, असं त्यांतलं कुणीही म्हणालं नाही.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये स्वस्त पंप शोधायचं वेड लागतं, तेही मी वहीत बसवून पाहिलं. गॅलनला दहा सेंट कमी म्हणजे चाळीस गॅलनला चार डॉलर. त्यासाठी हमरस्ता सोडून तीन मैल आत आणि तीन मैल बाहेर केलं की साडेतीन डॉलरचं पेट्रोल जाण्या-येण्यातच जळतं. उरला अर्धा डॉलर. शिवाय गावातल्या पंपाचं छप्पर अकरा फुटांच्या गाडीला पुरेल की नाही हा जिवाला घोर. तेव्हा वाटेवरचा पंप, ट्रकवाल्यांच्या ठिकाणचं सवलतीचं कार्ड, एवढ्यावर मी तो विषय मिटवला.

वजनाचंही तसंच. न्हाण्याधुण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची. भरून निघालं की दीडशे किलो ओझं उगीच सोबत फिरतं. मुक्काम जवळ आला की मगच भरायची, एरवी प्यायला आणि हात धुवायला पुरेल एवढंच. सासूबाईंना हे लगेच पटलं, दुष्काळी भागातलं त्यांचं माहेर. आपल्या पिशवीतलं ज्वारीचं पीठ, मेतकूट आणि छोटा खलबत्ता खाली ठेवायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. "ह्याने काय होतंय?" खरंच काही होत नव्हतं.

त्यांचं खरं भांडण जनरेटरशी झालं. गाडीतला एसी चालवायचा तर मुक्कामी जनरेटर लावावा लागतो, आणि तो गाडीच्याच टाकीतून तासाला जवळपास अर्धा गॅलन पितो. त्याची नळी टाकीत जरा वर बसवलेली असते, त्यामुळे पाव टाकी उरली की तो आपोआप बंद पडतो. माणूस थंड हवा खात बसला आणि सकाळी गाडीच निघेना, असं होऊ नये म्हणून. अडीच डॉलर तास ही किंमत कळल्यावर सासूबाई उठल्या, छतावरची खिडकी उघडली, दोन्ही बाजूंच्या काचा सरकवल्या, ओला टॉवेल दारात टांगला आणि म्हणाल्या, "बंद कर ती भुणभुण. झोप येत नाही."

वॉल नावाच्या गावाशी आम्ही हमरस्ता सोडला. तिथलं वॉल ड्रग हे दुकान शेकडो मैलांपासून पाट्या लावून वाटसरूंना बोलावत असतं: थंडगार पाणी फुकट, कॉफी पाच सेंट. कॉफी खरोखर पाच सेंटला मिळते. सासूबाईंनी दोन घेतल्या. गावापासून थोड्या अंतरावर बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडची सरकारी जमीन आहे. तिथे, बॅडलँड्सच्या कड्याला लागून, चौदा दिवसांपर्यंत गाडी फुकट उभी करता येते. नळ नाही, वीज नाही, संडास आपापला. कड्याखाली गुलाबी-पांढऱ्या मातीचे पट्टे थेट क्षितिजापर्यंत. रात्री वारा सुटला की घर हलायचं. सासूबाई पहिल्या रात्री रामरक्षा म्हणत बसल्या, दुसऱ्या रात्री घोरत होत्या.

शेजारी टेक्सासचं एक जोडपं होतं. घरदार विकून कायमचं आरव्हीत राहणारं. त्यांच्या पिकअपला डिझेल लागायचं आणि डिझेल त्या आठवड्यात पावणेसहाच्याही वर. मला वाटलं होतं, ही माणसं आमच्याहून जास्त वैतागलेली असतील. ते म्हातारबाबा खुर्चीत बसून दुर्बिणीने रानमेंढ्या पाहत होते. त्यांनी वर्षाचं इंधनाचं बजेट बदललंच नव्हतं. पूर्वी दर चार दिवसांनी हलायचे, आता चौदा दिवस भरले की हलतात. भाव वाढला तेवढे मैल कापले, झालं. मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी ती कौतुकाने पाहिली आणि माझे सगळे रकाने गाडी चालू असतानाचे आहेत, हे दाखवून दिलं. गाडी उभी असते तेव्हा खर्च शून्य, आणि त्याला वहीत रकानाच नव्हता.

तिथेच येलोस्टोनची बातमी आली. १३ जूनला तिथे पाऊस आणि वितळलेला बर्फ एकदम खाली आला, नदीने उत्तरेकडचा रस्ता तोडून नेला, दहा हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढून सगळं उद्यान बंद केलं. २२ तारखेला दक्षिणेकडचा भाग उघडला तोही गाडीच्या नंबराप्रमाणे, सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम. दिल्लीचा नियम वायोमिंगमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं.

आमचा नंबर कोणत्या दिवशी लागतो ते नवरा मोजायला लागला. मी वही उघडली. जाऊन-येऊन हजार मैल, आतलं फिरणं दोनशे, वाटेत बिगहॉर्नचा नऊ हजार फुटांवरचा घाट. घाटाचं जादा पेट्रोल न धरता सातशे डॉलर. त्याने खर्चाची बाजू घेतली नाही, आईची घेतली. "आई एवढ्या लांबून आली आहे. पुन्हा कधी येणार?"

"कशासाठी जायचं म्हणालास?" सासूबाईंनी विचारलं.

"गरम पाण्याचे झरे आहेत, आई."

"ते राजापूरला आहेत की. दोनदा जाऊन आले मी."

"इथलं पाणी सव्वाशे-दीडशे फूट उंच उडतं."

"उडू दे. मी नाही गेले म्हणून थांबणार आहे का?"

त्याला याच्यावर उत्तर सुचलं नाही. मला वाटतं त्याला सुटल्यासारखंही झालं असावं, पण तो ते कबूल करणार नाही.

उरलेले दिवस आम्ही ब्लॅक हिल्समध्ये काढले, पाइनच्या जंगलातल्या एका सरकारी कँपग्राउंडवर. नवऱ्याचं वय ६२ च्या पुढे, त्यामुळे त्याला ऐंशी डॉलरमध्ये तहहयात ज्येष्ठांचा पास मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट आणि अशा जागांचं भाडं निम्मं. म्हातारपणाचा हा पहिला रोख फायदा. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या त्याच्या आईला तो मिळत नाही, कारण ती इथली नागरिक किंवा कायमची रहिवासी नाही, पण ती त्याच्याच गाडीत बसलेली असल्याने चालून जातं.

गाडी एकदा ठोकळे लावून सपाट उभी केली ती हललीच नाही. तशीही तिथल्या नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे, आमचं घर त्यातून गेलंच नसतं. मागे बांधलेल्या सायकली काढल्या. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली मिकल्सन ट्रेल शंभराहून अधिक मैल डोंगरातून जाते. आगगाडीसाठी बांधलेला रस्ता, त्यामुळे चढ बेताचेच. नवरा रोज सकाळी तिच्यावरून दूध-अंडी आणायला जायचा आणि दोन तासांनी परतायचा. सासूबाई खलबत्त्यात लसूण-मिरची कुटायच्या. त्या आवाजाने शेजारच्या गाडीतला कुत्रा यायचा, त्याच्यामागून त्याची मालकीण, आणि मग दोघींचं एकमेकींच्या भाषेविना तासभर छान चालायचं. त्या बाईने आमचं पिठलं खाऊन पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाडगा घेऊनच आली.

परतीला वारा पाठीशी होता. वहीत एका टाकीला गॅलनमागे दहाच्या वर मैल पडले, आणि ते लिहायला नवऱ्याने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

सासूबाई ऑगस्टमध्ये सांगलीला गेल्या. सप्टेंबरात भाव उतरून पावणेचारच्या आसपास आला. एका संध्याकाळी नवरा नकाशा घेऊन आला. येलोस्टोनला आता गर्दी कमी, झाडांचे रंगही बदलायला लागले असतील, वगैरे. मी विचारलं, "किती वेगाने?"

"पासष्ट," तो म्हणाला. आमची बोलणी अजून चालू आहेत.