आईचा डोळा, हौदाचं पाणी आणि माझी एक चूक

पोस्ट लांब आहे, पण वाचा. तेरा वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आहे.

आमचं घर हैदराबादला, काचीगुड्याला. आजोबा निजामाच्या काळात इथं आले, ते इथलेच झाले. आई मराठी शाळेत शिकवायची. मराठी आमची, पण तिच्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ असायचंच. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, म्हणून तो कायम भरलेला. कडेनं हिरवं शेवाळ, हात लावला की बुळबुळीत. त्याच पाण्यानं भांडी, झाडं, हातपाय.

२०१२ चा जून. लिंबाची डहाळी वाकवताना आईच्या उजव्या डोळ्यात लागली. तिनं ओंजळभर हौदाचं पाणी घेऊन डोळा धुतला. कुणीही तेच केलं असतं. दोन दिवसांनी डोळा लाल. मी तेव्हा नोकरीला पुण्यात. फोनवर म्हणालो, “अगं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरलेत ना फ्रीजमध्ये? तेच टाक.” ते स्टिरॉइडचे थेंब होते. चार दिवस बरं वाटलं. लाली गेली, मीही खूश.

मग दुखणं सुरू झालं. असं की शाळेत पोरांसमोर कधी डोळ्यातून टिपूस न काढलेली आई रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसायची. खिडकीतला उजेडसुद्धा सहन होईना. एका डॉक्टरांनी नागिणीच्या जातीचा विषाणू समजून तीन आठवडे मलम दिलं. त्यांना दोष देत नाही; हा आजार सुरुवातीला हुबेहूब तसाच दिसतो. शेवटी मी रजा काढून आलो आणि तिला मोठ्या नेत्ररुग्णालयात नेलं. बुबुळावर पांढरट कडं उमटलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बुबुळ हलकेच खरवडून नमुना घेतला. काही दिवसांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बशी दाखवली. जंतूंचा पातळ थर पसरलेला, आणि त्यात वाटा पडलेल्या, रांगोळीवरून मुंग्या चालून गेल्यासारख्या. “हा अमीबा जंतू खात खात गेलाय, त्याची ही वाट,” त्या म्हणाल्या. नाव अकँथअमीबा.

शाळेत अमीबा शिकलो होतो तो एक पेशीचा, निरुपद्रवी. हा त्याचाच लांबचा भाऊबंद. माती, तळी, टाक्या, नळाचं पाणी, सगळीकडे असतो आणि त्याला जगायला माणूस लागत नाही. शेवाळावरचे, बुळबुळीत थरातले जंतू खाऊन त्याचं पोट भरतं. दिवस वाईट आले की दुहेरी भिंतीचं कवच करून आत बसतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ते कवच दाद देत नाही. परदेशात हा आजार बहुतेक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो. आपल्याकडचे बरेच रुग्ण मात्र डोळ्याला काही लागलेले आणि माती किंवा घाण पाणी गेलेले असतात. स्टिरॉइडनं सूज उतरते, म्हणून बरं वाटतं, पण आत अमीबाला रान मोकळं मिळतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हे स्टिरॉइड कुणी दिलं?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “मीच टाकले हो. मला काय कळतंय!” आणि मी गप्प बसलो.

उपचार म्हणजे दोन औषधांचे थेंब, पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन. पहिले दोन दिवस-रात्र दर तासाला. मी, बहीण आणि शेजारच्या खालाजान. रमजान सुरू होता. “बेटा, मैं सहरी को उठती ही हूँ,” म्हणून पहाटे तीन-चारचे थेंब त्यांनी घेतले. मग जागेपणी दर तासाला, मग कमी करत करत सात महिने. कवचातला अमीबा संपायला इतका वेळ लागतो. डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. उजव्या डोळ्यानं आईला समोरच्याची बोटं मोजता येतात, तेवढंच.

नंतर मी यावर वाचत राहिलो. हे अमीबा जंतू खातात खरे, पण काही जंतू त्यांच्या पोटात पचत नाहीत, उलट तिथंच वाढतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन होतं. तिथं न्यूमोनियाची साथ आली, माणसं दगावली. पुढच्या वर्षी जंतू सापडला, त्याला लिजिओनेला नाव पडलं. १९८० मध्ये रोबोथम या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं की हा जंतू अमीबाच्या पोटात वाढतो. अमीबात जगायची ही युक्तीच त्याला आपल्या फुफ्फुसातल्या रक्षक पेशींतही उपयोगी पडते. म्हणजे टाकीतलं शेवाळ फक्त शेवाळ नसतं, त्यात अख्खी वस्ती असते.

दुसरा एक अमीबा आहे, नेग्लेरिया फाउलेरी. कोमट गोड्या पाण्यात असतो आणि नाकातून थेट मेंदूत जातो. पाणी पिऊन तो आजार होत नाही. आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नाक धुणारे दोघं यानं गेले. आपल्यात जलनेती करणारे पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

हे सगळं लिहून काल आईला वाचून दाखवलं. फोनचा भागही. मला वाटलं, ती रागवेल. ती म्हणाली, “हौ, फोन तूच केला होतास, मी कशी विसरेन? डॉक्टरसमोर पोराला कशाला खाली पाहायला लावायचं, म्हणून बोलले. पण तू इतकी वर्षं गप्प राहिलास, ते नाही आवडलं मला.”

मी काहीच बोललो नाही. मग तीच म्हणाली, “आता लोकांनी काय करावं ते लिही, माझं पुराण पुरे.”

तर तिच्या आज्ञेवरून: डोळ्यात काही गेलं तर टाकीच्या, हौदाच्या पाण्यानं धुऊ नका, उकळून गार केलेलं स्वच्छ पाणी घ्या. जुने उरलेले थेंब आजच टाकून द्या. लेन्सला नळाचं पाणी लावू नका, लेन्स घालून अंघोळ किंवा पोहणं नको. जलनेतीला उकळून गार केलेलंच पाणी वापरा. टाकी वेळच्या वेळी घासून घ्या. आणि डोळा दिसतो त्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर फोनवर मुलाला विचारू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.